पातं लवतं न लवतं

"डावा डोळा लवतोय गं सकाळपासनं," असं आई म्हणाली की त्या दिवशी घराची चालच बदलायची. ती चार भाकऱ्या जास्त थापायची. ओसरीवरचं जोंधळ्याचं पोतं आत ओढून बसायला जागा करायची. दुपारी साताऱ्याकडून येणारी एसटी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला की सुपातलं पाखडणं अर्ध्यात थांबायचं आणि ती मान वर करून ऐकत राहायची. गाडी पुन्हा सुरू होऊन चढाला लागेपर्यंत तिचं सूप हलायचं नाही. कधी खरंच मावशी यायची, कधी मुंबईचा मामा, कधी फक्त पोस्टमन. कुणीच आलं नाही तर "उद्या येतील" म्हणून ती उठायची आणि उरलेल्या भाकऱ्यांचा सकाळी कुस्करा व्हायचा.

बाईचा डावा डोळा लवणं चांगलं, उजवा वाईट. पुरुषाचं उलट. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, घरात वावरता वावरताच ते कळलेलं होतं. उजवा लवला तर आई बोलायची नाही. गवताची नखाएवढी काडी जिभेला लावून त्या पापणीवर चिकटवायची आणि कामाला लागायची. तिच्या उजव्या पापणीवर काडी दिसली की आम्ही भावंडं त्या दिवशी भांडत नसू.

'लवणं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा, डोळ्याच्या संदर्भात. पण आमच्या शिवारात तो सगळीकडे पसरलेला होता. दाणा भरला की जोंधळ्याचं ताट कणसाच्या भारानं लवायचं. आंब्याची फांदी लवायची. मळ्याच्या खालच्या अंगाला जमीन जिथे दबून खोल गेली होती, तिला आम्ही लवण म्हणायचो. पावसाळ्यात सगळ्या वावराचं पाणी तिथे उतरायचं. शरीरावरही लवण असते. गुडघ्याच्या मागे, कोपराच्या आत, जिथे हाडं दुमडतात ती जागा. लहानपणी घामोळं पहिल्यांदा तिथेच उठायचं. देवापुढे माणूस लवून नमस्कार करतो. जूनच्या सुरुवातीला यवतेश्वराच्या बाजूला आभाळात वीज लवायची, आवाज न करता, आणि आजोबा म्हणायचे, अजून आठ दिवस आहेत.

जड कणीस, वाकलेली पाठ, दबलेली जमीन, दूरची वीज आणि डोळ्याची पापणी या सगळ्यांना मराठीनं एकच क्रियापद दिलं आहे. व्युत्पत्ती सांगणारे या शब्दाला संस्कृतातल्या 'नम्' धातूपाशी नेऊन पोचवतात. 'न'चा 'ल' होणं मराठीला नवं नाही. निंबाचा लिंब झाला, नवनीताचं लोणी झालं, तसंच नवण्याचं लवणं झालं. म्हणजे नमस्कार आणि पापणीचं लवणं हे सख्ख्या नात्यातले शब्द आहेत. पापणी लवते म्हणजे ती नमते. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीच्या पुढे होते आणि तरीही दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले होते.

आणि जिला आपण लवणारी म्हणतो तिला मराठी पातं म्हणते. गवताचं पातं, विळ्याचं पातं, डोळ्याचं पातं. वाऱ्यानं गवताचं पातं जसं वाकून पुन्हा उभं राहतं, तसंच हे. 'डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच' हे आपण किती सहज बोलून जातो. त्यात एक अख्खं कुरण हलत असतं.

डोळ्याच्या बाकीच्या क्रिया माणसाच्या हातात असतात. डोळे मिटता येतात, वटारता येतात, मिचकावता येतात, डोळा मारता येतो, डोळेझाक करता येते. लवणं मात्र कुणी करत नाही, ते होतं. 'मी पापणी लवली' असं मराठीत कुणी म्हणत नाही. पापणी लवते, माणूस बाजूला उभा असतो. म्हणून मला हल्ली कानावर येणारं 'डोळे ब्लिंक कर' हे बोलणं खुपतं. 'डोळा फडफडतोय' हेही मला मानवत नाही. फडफडतं ते निशाण, फडफडतात ते पंख. पापणीच्या त्या बारीक, आतून आलेल्या हालचालीत तेवढा आवाज नाही. ती लवते, एवढंच खरं.

१९८२ च्या उन्हाळ्यात आईचा डावा डोळा तीन दिवस लवत होता. मी तेव्हा आठ वर्षांची होते. तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं मामा उतरला. लालबागच्या गिरणीत तो साचेवाला होता. दरवर्षी तो जत्रेला यायचा तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी असायची आणि पिशवीत मिठाईचा खोका. त्या दिवशी त्याच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक होती, काखेत वळकटी होती, मागे मामी आणि दोन मुलं. जानेवारीच्या १८ तारखेला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतले कितीतरी आमच्याकडचे, साताऱ्या-सांगलीचे, कोकणातले. महिने उलटले तशी खोलीत चूल पेटेना म्हणून माणसं गावाची वाट धरू लागली. मामा त्यांतला एक. आईनं त्याला ओसरीवरून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मग तिला ट्रंक दिसली. तो चेहरा विझताना मी पाहिला नाही, कारण तो विझला नाही. ती पुढे झाली, तिनं ट्रंकेचं एक कडं धरलं आणि म्हणाली, "आलास ते बरं झालं. वाटच बघत होते."

मामा पुन्हा गिरणीत गेला नाही. डावा डोळा लवला होता तो खोटा ठरला की खरा, हा प्रश्न मी पुढे बरीच वर्षं मनात घोळवला. आईला तो पडलेला मी कधी पाहिला नाही.

या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारी एक जागा मला वाल्मीकिरामायणात सापडली. किष्किंधाकांडात राम आणि सुग्रीव अग्नीला साक्ष ठेवून मैत्री करतात. त्या क्षणी, तिथे हजर नसलेल्या तिघांचे डावे डोळे एकदम लवतात. लंकेत सीतेचा, किष्किंधेत वालीचा, आणि रावणाचा. कवी तिघांच्या डोळ्यांचे रंगही सांगतो. सीतेचा कमळासारखा, वालीचा सोन्यासारखा, रावणाचा विस्तवासारखा. तीच बाजू, तोच क्षण. एकीला सुटकेची खूण आणि दोघांना मरणाची. तिघांतल्या कुणालाच त्या वेळी कळत नाही की दूर कुठल्या डोंगरावर दोन माणसांनी हातात हात घेतला आहे. शकुन म्हणजे भविष्य सांगणं असं आपण समजतो. इथे तसं काही नाही. दूर काहीतरी घडून चुकलं आहे आणि ते शरीराला आधी पोचलं आहे, एवढंच कवी सांगतो. टपाल यायच्या आधी पापणी आली.

सीतेचा तोच डोळा पुढे सुंदरकांडात पुन्हा लवतो. ती अशोकवनात आहे, आशा संपली आहे, आपल्याच वेणीनं जीव द्यायचा विचार करते आहे, आणि हनुमान वर शिंशपेच्या झाडात लपून बसलेला आहे. इथे वाल्मीकी एक उपमा देतो. पाण्याखालून मासा येऊन धडकला की कमळ जसं हलतं, तसा तिचा डावा डोळा हलला. ज्याचा डोळा कधी लवला आहे त्याला ही उपमा किती अचूक आहे ते कळेल. हालचाल वर दिसते, पण धक्का खालून येतो, आणि मासा दिसत नाही. याउलट शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंताच्या दरबारात पाऊल टाकताना शकुंतलेचा उजवा डोळा लवतो, आणि तिचं काय होणार ते प्रेक्षकाला राजा तोंड उघडायच्या आधीच कळतं.

सीतेच्या पापणीची आणखी एक गोष्ट आहे. विष्णुपुराणात निमी राजाची कथा येते. त्यानं मोठा यज्ञ योजला, वसिष्ठ इंद्राच्या यज्ञात गुंतले होते, निमी थांबला नाही, दुसऱ्या ऋषींना घेऊन बसला. परत आलेल्या वसिष्ठांनी शाप दिला, त्यानंही उलट शाप दिला, आणि राजाचा देह पडला. यज्ञ संपल्यावर देव त्याला पुन्हा देह द्यायला तयार होते. त्यानं नाही म्हटलं. देह आणि जीव वेगळे होण्याचं दुःख त्याला परत भोगायचं नव्हतं. त्यानं मागितलं ते सगळ्या प्राण्यांच्या डोळ्यांत राहायला मिळावं एवढंच. तेव्हापासून पापण्या लवू लागल्या, असं पुराण म्हणतं. त्या लवण्यालाच निमेष म्हणतात. याच निमीच्या कुळाला विदेह म्हणतात. मिथिलेचा जनक त्याच कुळातला आणि सीता त्या जनकाची लेक. अशोकवनात तिच्या डाव्या पापणीत जो हलला तो तिचा मूळपुरुष होता. माहेरचं माणूस. हे दोन धागे कुणी एकत्र बांधलेले मी वाचलेले नाहीत, पण मला आता ते सुटे करून बघता येत नाहीत.

निमेष हे कालाचंही माप झालं. मनुस्मृतीत कोष्टक आहे. १८ निमेषांची १ काष्ठा, ३० काष्ठांची १ कला, ३० कलांचा १ मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचा एक दिवस-रात्र. मी एकदा कागद घेऊन बसले. एका दिवस-रात्रीत ४,८६,००० निमेष होतात, म्हणजे एक निमेष साधारण ०.१८ सेकंदाचा. आजचं वैद्यक सांगतं की पापणी एकदा लवायला सेकंदाचा एक दशांश ते चार दशांश एवढा वेळ लागतो. घड्याळ नसलेल्या माणसांनी हे माप नेमकं कसं बसवलं मला सांगता येणार नाही. मी त्या आकड्याकडे बघत बराच वेळ बसून होते, एवढं मात्र खरं.

ज्याची पापणी लवत नाही तो माणूस नव्हे, असा एक जुना समज आहे. महाभारताच्या वनपर्वातल्या नळाच्या आख्यानात दमयंतीच्या स्वयंवरात पाच नळ उभे असतात. चार देव आणि एक खरा. तिला निवड करायची आहे आणि पाचही जण एकसारखे आहेत. मग ती बारकाईनं बघते. चौघांना घाम नाही, त्यांच्या माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, आणि पापण्या लवत नाहीत. पाचव्याच्या अंगावर धूळ आहे, त्याची सावली पडते आहे, त्याचे डोळे लवत आहेत. ती त्याच्या गळ्यात माळ घालते. देवत्वापुढे तिनं लवणारी पापणी निवडली. एवढं मोठं प्रेमाचं वाक्य मला दुसरं माहीत नाही.

देवाची पापणी लवत नाही म्हणूनच कदाचित आपल्याला त्याच्यासमोर फार वेळ उभं राहवत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती रंगून तयार असते, दागिने रंगतात, सोंड रंगते, आणि डोळ्यांची आखणी शेवटी होते. मी एका कारागिराला ती करताना पाहिलं आहे. बारीक कुंचला, डावा हात उजव्या मनगटाखाली आधाराला, आणि रेघ ओढून होईपर्यंत त्याची स्वतःची पापणी लवली नाही. रेघ संपली, त्यानं कुंचला बाजूला घेतला आणि मग त्याचे डोळे चारपाच वेळा भराभर लवले, राहिलेली उधारी चुकवावी तसे. समोर गणपती होता तसाच बघत होता.

आणि पंढरपूर. आईबरोबर मी कार्तिकीला दर्शनबारीत उभी राहिले होते. अकरा तास. शेवटच्या उंबऱ्यावर गर्दीनं आम्हाला आत लोटलं, पायांवर डोकं टेकायला मिळालं, वर बघायला मिळालं ते पातं लवेल एवढंच. बाहेर आल्यावर मी विचारलं, "दिसला का गं नीट?" आई म्हणाली, "कुठला? माझे तर डोळेच मिटले." अकरा तास ज्याच्यासाठी उभी राहिली तो समोर आल्यावर तिचे डोळे मिटले, आणि तिच्या आवाजात खंत अजिबात नव्हती. मला त्या वेळी वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका सकाळी आई चूळ भरत होती आणि पाणी तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप सांडलं. आदल्या दिवसापासून कानामागे ठणकत होतं. थंडीचं असेल म्हणून तिनं स्कार्फ बांधला होता. वहिनीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला. तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं. डावा गाल सैल, ओठ लोंबता. गावात लगेच बातमी फिरली, "वारं गेलं तोंडावरनं." कुणी लकवा म्हणालं, कुणी कुठल्या तरी गावच्या झाडपाल्यावाल्याचं नाव सांगितलं. माझ्या भावानं कुणाचंही ऐकलं नाही, गाडी काढली आणि दुपारपर्यंत तिला पुण्याला माझ्याकडे आणलं. त्याच्या त्या घाईचं ऋण मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी तिला सांगितलं, "आजी, भुवया वर करा." उजवी वर गेली, डावी हलली नाही. कपाळाच्या डाव्या अर्ध्यावर एकही आठी पडली नाही. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. मेंदूच्या झटक्यात सहसा कपाळ शाबूत राहतं. इथे कपाळही गेलं आहे, हातपाय ठीक आहेत, म्हणजे बिघाड चेहऱ्याच्या नसेत आहे. ही नस कानाजवळच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून येते. तिला सूज आली की तिला पसरायला जागाच नसते, ती तिथेच आवळली जाते. याला बेल्स पाल्सी म्हणतात, चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाच्या नावावरून. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालं तर बरं होण्याची शक्यता चांगली असते. आपण वेळेत आलात, ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, "डोळे घट्ट मिटा."

उजवा मिटला. डाव्याची पापणी जागची हलली नाही. आत बुबुळ मात्र वर गेलं, पापणीच्या मागे लपलं, आणि फटीत नुसतं पांढरं राहिलं. आईला वाटत होतं आपण डोळा मिटला आहे. "मिटला ना?" तिनं विचारलं. मी "हो" म्हणाले.

त्या दिवसापासून दोन महिने माझं काम एकच होतं, लवण्याचं काम. दर तासाला डोळ्यात थेंब. रात्री मलम, मग पापणी बोटानं अलगद खाली आणायची आणि वरून कागदी चिकटपट्टी लावायची, आडवी, भुवईपासून गालापर्यंत. पापणी खाली आणताना माझ्या बोटाला तिचं वजन कळायचं. जोंधळ्याच्या फोलपटाएवढंही नव्हतं ते. ती खाली यायची आणि मी बोट काढलं की पुन्हा सावकाश वर जायची, कारण पापणी उचलणारी नस वेगळी आणि मिटवणारी वेगळी. उचलणारी शाबूत होती. लवायला दोघी लागतात. एकीनं आवळायचं आणि दुसरीनं त्याच क्षणी सोडायचं.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं की पापणी डोळ्यावरचं पाणी पसरवते. दर वेळी ती खाली येते तेव्हा अश्रूंचा एक पातळ थर नव्यानं अंथरून जाते. मला लगेच आईचं अंगण आठवलं. दर शनिवारी ती ओणवी होऊन शेणानं सारवायची, अर्धवर्तुळात हात फिरवत, मागे मागे सरकत. एक आठवडा चुकला की जमीन फुटायची, पोपडे निघायचे. पापणी तेच करते, मिनिटाला पंधरा-वीस वेळा. पंधरा धरल्या तरी जागेपणीच्या सोळा तासांत १४,४०० वेळा. आईची डावी बाजू सारवायची थांबली होती. डोळा लाल झाला, वाळू गेल्यासारखा खुपायला लागला, गार वारा लागला की पाणी गालावर यायचं. शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "रडू नका हो." आई म्हणाली, "मी कुठं रडतेय. एकच डोळा रडतोय."

तिच्यासमोर बसलेल्या माणसाला तिच्याशी बोलणं अवघड जायचं, हे मी पाहत होते. बोलताना आपण समोरच्याच्या पापण्यांकडे किती बघत असतो ते त्या महिन्यांत मला कळलं. ऐकणारा 'हं' म्हणायच्या आधी त्याची पापणी लवते. आपलं बोलणं त्याला पोचलं, ही पावती त्या लवण्यातच मिळते. आईच्या उजव्या डोळ्यातून पावती मिळायची आणि डावा टक लावून बघत राहायचा. नातवंडं दबकून असायची. धाकटा एकदा माझ्या कानात म्हणाला, "आजीचा तो डोळा झोपतच नाही का?" पापणीही न लवता खोटं बोलला, पापणीही न लवता मरणाला सामोरा गेला, असं आपण म्हणतो, निर्लज्ज माणसाला आणि शूराला एकच शब्द लावतो. आईच्या त्या डोळ्यात दोन्ही नव्हतं. तो बिचारा नुसता उघडा होता. मान लववता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा.

व्यायाम दिलेले होते. आरशासमोर बसून भुवई उचलायची, गाल फुगवायचे, शिट्टीसाठी ओठ करायचे, डोळा मिटायचा. आईला आरशात बघायला नको वाटायचं. मग मीच समोर बसायचे. लहानपणी आम्ही भावंडं डोळ्यात डोळे घालून बसायचो, ज्याची पापणी आधी लवली तो हरला. आता मी आणि आई तसेच बसायचो, आणि मी वाट बघायची ती तिच्या हरण्याची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसातच्या सुमारास, ती खिडकीत बसून लसूण सोलत होती. ऊन तिच्या डाव्या बाजूला होतं. लसणाचं एक सालपट उडून तिच्या गालाजवळ गेलं आणि डावी पापणी हलली. पूर्ण खाली आली नाही. वरून अर्ध्यापर्यंत आली, थरथरली, परत गेली. मी चहाचा कप ओट्यावर ठेवला. "आई, इकडे बघ." तिनं बघितलं. मी काही बोलले नाही, नुसती तिच्या डोळ्यांकडे बघत उभी राहिले. थोड्या वेळानं उजवी पापणी लवली, आणि तिच्या मागून, तिचा हात धरून चालावी तशी, डावी.

"काय झालं?" आई म्हणाली.

"लवला," मी म्हणाले. "डावा डोळा लवला."

तिनं हातातली पाकळी खाली ठेवली. आधी तिला उलगडलं नाही. मग ती हसली, तोंड अजून थोडं वाकडंच होतं, आणि म्हणाली, "मग कोण येतंय?"

आई आता पुष्कळ बरी आहे. गावी असते. डाव्या गालात थोडा ताठरपणा राहिला आहे. नस परत जोडून घेताना तिच्या काही तारा वाट चुकतात, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून ती हसली किंवा घास चावू लागली की डावा डोळा आपोआप बारीक होतो. नातवंडांना वाटतं आजी डोळा मारते. ती पण त्यांना तसंच वाटू देते. आणि नीट बघणाऱ्याला आजही दिसेल, तिची डावी पापणी उजवीपेक्षा जराशी उशिरा लवते.

त्या बाजूला अधूनमधून पापणी नुसतीच लवत राहणं हेही अशा दुखण्यानंतर होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलेलं आहे. तिला ते समजलेलं आहे आणि मलाही.

परवा रात्री तिचा फोन आला. गावातल्या चार गोष्टी सांगून झाल्या, शाळू चांगला भरलाय म्हणाली, ताटं लवलीत भारानं. मग जरा थांबून म्हणाली, "डावा डोळा लवतोय गं सकाळपासनं."

मी शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे.